आंबट तार

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. अकोटहून अकोल्याला येताना ऐन दिवेलागणीला माझ्या जुन्या मोटारीचे दिवे गेले. रस्त्याकडेच्या मिस्त्रीनं एक हात मडगार्डवर ठेवला, दुसऱ्यानं बॅटरीची तार चाचपली आणि तिची टोकं एकेक करून सरळ जिभेला लावली! मी ओरडलोच.

"भेता काहून जी? इथवर आंबट लागते, म्हंजे करंट हाये. फुडं चवच नाई. तार इथंच तुटली."

दिव्यासमोर उकिडवं बसून त्यानं तुटकी टोकं पिळून जोडली. दिवा भक्कन पेटला, थेट त्याच्या तोंडावर. बाजूला उभा असूनही माझे डोळे दिपले. त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

त्या झगझगीत उजेडाकडे तोंड करून तो मला विचारत होता, "लागला काय जी दिवा?"