टाळ्या वगळून

बयानकाकांना मी कधी टाळ्या वाजवताना पाहिलं नाही. निवडणुकीच्या दिवसांत टॉवर चौकातली एकही सभा ते चुकवत नसत, बसतही पहिल्या रांगेत. पण त्यांचे हात मोकळे नसत. डाव्या हातात लांबट वही, उजव्यात पेन्सिल. वक्ता गरजे, माणसं उसळत, आणि काका मान खाली घालून शॉर्टहँडमध्ये शब्दन् शब्द उतरवून घेत. ‘लोक टाळ्या वाजवतात तेवढ्यात माझं मागचं वाक्य पुरं होतं,’ ते म्हणत. ‘टाळ्यांचा उपयोग एवढाच.’

त्यांची सगळी नोकरी उज्जैनच्या कोर्टात साक्षीदारांची बयानं लिहून घेण्यात गेली होती. नाव तिथूनच पडलं. बँकेतल्या बदलीवर मी साताऱ्याहून आलो आणि फ्रीगंजमध्ये त्यांच्या वरच्या खोलीत भाडेकरू झालो, तेव्हा ते निवृत्त झालेले होते. दिवस नव्या नवलाईचे होते. गल्लीत केबल आली होती, कोपऱ्यावर एसटीडीचा बूथ, आणि टॉवरसमोर विलायती शीतपेयाची पाटी, टॉवरच्या घड्याळापेक्षा मोठी. उमेदवारही जीपवर चार-चार भोंगे बांधून येत. ‘आवाज वाढून राहिला आहे,’ काका आपल्या उज्जैनी मराठीत म्हणत, ‘बोलणं तेवढंच आहे.’

कोर्टात एक रीत असते. बयान लिहून झालं की साक्षीदाराला ते वाचून दाखवायचं, त्यानं कबूल केलं की खाली ‘पढ़कर सुनाया, सही होना स्वीकार किया’ असं लिहायचं आणि त्याची सही घ्यायची. ही रीत कोर्टाच्या फाटकाशी का थांबावी, हे काकांना कळत नसे. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते काळा कोट चढवून उमेदवाराच्या घरी जात आणि त्याचं भाषण त्यालाच वाचून दाखवत. आवाजात चढउतार नाही, टाळ्या वगळलेल्या, जणू रेल्वेचं वेळापत्रक.

एकदा मी हौसेनं बरोबर गेलो. उमेदवार पैलवान होता आणि मालिश करून घेत होता. पालथा पडून त्यानं सगळं ऐकलं. शेजारच्या मोहल्ल्याला काय काय करून टाकू, ते वाक्य आलं तेव्हा मात्र उठून बसला.

‘ये मैंने कहा?’

‘जी. सवा सात बजे.’

‘तो काट दो ना, काकासाहब.’

‘कटता नहीं है. नीचे लिख दीजिए कि गलत कहा, और दस्तखत कर दीजिए.’

पैलवानानं सही केली नाही. पण दोघांना पेलाभर दूध पाजून फाटकापर्यंत सोडायला आला. परतताना काका म्हणाले, ‘पाहिलंत ना, बँकवाले? त्यानं आपलं भाषण आज पहिल्यांदा ऐकलं.’

सगळे पक्ष त्यांना सारखेच. ‘तोडणाऱ्या भाषणात कामं नसतात, नुसता शेजारी असतो,’ असं ते म्हणत. पण म्हणून जोडणारं भाषण त्यांच्या तावडीतून सुटे असं नाही. ‘सब भाई-भाई’ म्हणून खाली बसलेल्या एका सज्जनांना त्यांनी विचारलं होतं, ‘फार गोड आहे, पण यात नळ कुठे आहे?’ सज्जनांनी पुढच्या सभेत नळ घातला. तो भाषणात आला. गल्लीत यायला मात्र वेळ लागला.

एका महानगरपालिकेच्या निवडणुकीत मात्र काकांचा सख्खा भाचाच उभा राहिला. विनू. इथल्या मराठी मंडळींना उचंबळून आलं. किती वर्षांनी आपला माणूस! विनूचं बोलणं छान होतं आणि असणारच. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धांसाठी काकांनीच त्याला घासूनपुसून तयार केलं होतं. आता मामा वही घेऊन सभेला येतो म्हटल्यावर त्याला वाटलं, हा आपला गौरवच. त्यानं काकांना जीपमध्ये पुढची जागा दिली, आणि वर रविवारी सकाळी घरी कार्यकर्ते नि नातेवाईक बोलावून मामानं भाषणं वाचून दाखवायची असं ठरवूनही टाकलं. लेखी भाषण म्हणजे पुढे छापता येईल, हा हिशेब.

शनिवारी विनूची तीन भाषणं झाली. रविवारी बैठकीत जाजम अंथरलेलं, काकांची बहीण, म्हणजे विनूची आई, अक्का पोह्यांच्या बश्या फिरवून राहिलेली, आणि काकांनी तिन्ही भाषणं एकापाठोपाठ एक वाचली. सकाळी शिप्रा नदीच्या रामघाटावर पंड्यांपुढे: शिप्रा मैया सबकी है, वो किसी से जात नहीं पूछती. दुपारी भैरवगढला, जिथे चादरी छापतात नि रंगवतात: आपके रंग से उज्जैन का नाम है. संध्याकाळी टॉवर चौकात: ये भैरवगढ़वाले मैया को मैली कर रहे हैं, इनकी चादर लेना बंद करो, मोहल्ला अपने आप खाली हो जाएगा.

आदल्या संध्याकाळी या वाक्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या होत्या, त्यात बैठकीतले बरेच हातही होते. आज पोहे चावायचा आवाजही बंद झाला. काकांनी कागद पुढे केला. ‘विनायक, सही होना स्वीकार आहे?’

‘मामा, ते भाषणात बोलावं लागतं.’

‘मग सहीला काय हरकत आहे?’

विनू उठून आत गेला. महिनाभरात निवडूनही आला. आणि फ्रीगंजच्या दोन दुकानांनी बब्बूभाईंच्या चादरींचे गठ्ठे परत केले. बब्बूभाई भैरवगढचे, जुने छापणारे, काकांचे स्नेही. ते काकांकडे येऊन इतकंच म्हणाले, ‘माल तो बिक जाएगा, काकासाहब. पर विनू भैया के ब्याह की चादरें मेरे हाथ की थीं.’

त्यानंतर काका दर सोमवारी विनूकडे जाऊ लागले. काळा कोट, तोच कागद. अक्का पोहे करी, काका ते खात, कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत, विचारत, ‘स्वीकार आहे?’ विनू टीव्हीचा आवाज वाढवी. काका घडी घालून म्हणत, ‘बरं. येतो पुढच्या सोमवारी.’ मी एकदा वैतागून म्हटलं, सोडून द्या आता. ते म्हणाले, ‘बोलायला मीच शिकवलं त्याला. ऐकायला शिकवायचं राहून गेलं.’

असे दोन वर्षांचे सोमवार झाले. या काळात विनूनं भैरवगढचं नाव कुठल्याच सभेत घेतलं नाही, चांगलं नाही की वाईट नाही. मला वाटलं, एवढं पुरे. काकांना वाटलं नाही.

मग त्यांच्या फुप्फुसात पाणी झालं. ज्या सोमवारी त्यांना उठून बसवेना, त्या दिवशी मी सुट्टी टाकली होती. बब्बूभाई उशाशी बसून मोसंबी सोलत होते. नऊच्या सुमारास दारात विनू उभा.

‘मामा, आज सोमवार आहे,’ तो म्हणाला. ‘तुम्ही आला नाहीत.’

काकांनी कोटाकडे बोट दाखवलं. मी खिशातून कागद काढून दिला. चारही घड्यांवर फाटत आला होता. विनूनं पेन काढलं. काकांनी नकाराची मान हलवली. वाचल्याशिवाय सही नाही. पण त्यांना दोन शब्दांपलीकडे धाप लागत होती.

तेव्हा विनूच वाचायला लागला. रामघाट नीट पार पडला, भैरवगढही. टॉवर चौकाशी आल्यावर त्यानं एकदा बब्बूभाईंकडे पाहिलं. ते मोसंबीच्या बिया काढत होते. विनू थांबला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबला. कोणी त्याला मदत केली नाही. शेवटी त्यानं ते वाक्य वाचलं, सपाट आवाजात, अगदी मामाच्या. मग कागद गुडघ्यावर धरून खाली लिहिलं, ‘हे मी बोललो. चूक होतं.’ आणि सही केली.

बब्बूभाईंनी मोसंबीची एक फोड काकांच्या तोंडात घातली आणि दुसरी विनूच्या हातावर ठेवली.

पुढचा सोमवार काकांनी पाहिला नाही. मी त्यांचा म्हणून सांगतो तो शेवटचा शब्द हाच: विनूनं पेन बंद केलं, तेव्हा त्यांनी डोळे उघडून कागदाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, ‘तारीख टाक.’