सिंगापूरला जाऊन आलेली गोळी

काल तो जुना गेम पुन्हा डाउनलोड केला, तर सर्व्हरच्या यादीत मुंबई दिसली. आमच्या वेळी जवळात जवळ सिंगापूर होतं.

दांडिया बाजारातल्या घरात दुपारी मी आणि दादा एकाच गादीवर बसून खेळायचो. फोन तापलेले असायचे. हातभर अंतरावरून त्याने मला मारलेली गोळीसुद्धा सिंगापूरला जाऊन यायची.

"गेलीस, बेन!" दादा गल्लीतल्या गुजराती पोरांसारखा मला 'बेन' म्हणत ओरडला, तेव्हा माझ्या स्क्रीनवर मी अजून धावत होते. तीन पावलं धावले, मग पडले.

"कॅनडाचा व्हिसा आला माझा," तो स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला.

मी "बरं" म्हटलं आणि पुढचा डाव लावला.

रडू आलं ते दोन महिन्यांनी, आईने त्याची उशी माळ्यावर टाकली तेव्हा.