मागच्या खोलीपर्यंतची केबल

नोएडातल्या आमच्या घरामागे, अंगण ओलांडलं की एक सुटी खोली आहे. बरीच वर्षं तिथे जुने कूलर आणि ट्रंका पडून होत्या. आई शाळेतून निवृत्त झाली आणि दिल्लीतल्या मराठी घरांमधल्या मुलांना ऑनलाइन मराठी शिकवू लागली, तेव्हा तिने ती खोली मागून घेतली. घरात दिवसभर माझ्या ऑफिसच्या मीटिंग चालत, आणि माझा आवाज मोठा. बाबांनी खोली रिकामी करून दिली, पण या शिकवणीला ते ‘टाइमपास’ म्हणत. आईला ते लागायचं. ती बोलून दाखवत नसे.

अडचण अशी होती की घरातलं वायफाय अंगणाच्या मध्यापर्यंतच पोचायचं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत सिग्नल पुढे पाठवणारं एक छोटं यंत्र लावलं. तरी मुलांना आई अर्ध्या शब्दावर, तोंड उघडं ठेवून थांबलेली दिसे. एकदा एक मुलगी म्हणाली, “आजी, तुम्ही परत फोटो झालात.” आई हसली खरी, पण त्या रात्री जेवताना तिने वर्ग बंद करायचं बोलून दाखवलं. बाबा खाली मान घालून जेवत राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार. धुकं अजून विरलं नव्हतं. मागे खणल्याचा आवाज आला म्हणून गेले, तर बाबा मफलर गुंडाळून कुदळीने चर खणत होते. इलेक्ट्रिशियन गच्चीवरून इंटरनेटची केबल टाकून देतो म्हणाला होता, पण माकडं दोन दिवसांत तिला लोंबकळतील, असं बाबांचं म्हणणं. केबल पाइपात घालून जमिनीखालूनच न्यायची. सरकारी बांधकामांवर देखरेख करण्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती, त्यामुळे मी वाद घातला नाही, फावडं घेतलं. वाटेत आईच्या अळूचा वाफा आला. थोडा अळू उपटू या, असं मी सुचवलं.

“तिला विचारलंस?” बाबा म्हणाले, आणि चर वाफ्याला वळसा घालून नेला.

पाइप दुपारपर्यंत पुरून झाला. खरी पंचाईत पुढे होती. केबलच्या टोकाला प्लास्टिकचा कनेक्टर बसवायचा, आणि त्यात आठ बारीक रंगीत तारा ठरलेल्या क्रमानेच घालायच्या. बाबांच्या बोटांतून तारा निसटत होत्या. केशरी-पांढरी कुठली आणि तपकिरी-पांढरी कुठली, तेही त्यांना दिसेना. तीन कनेक्टर वाया गेले. माझेही दोन. आई चहा घेऊन आली. थोडा वेळ बघत उभी राहिली, मग ट्रे खाली ठेवून म्हणाली, “द्या इकडे.”

मी मोबाइलवर बघून रंग वाचत गेले, बाबांनी टॉर्च धरला आणि आईने आठही तारा ओळीने आत सरकवल्या. पहिल्याच खेपेला बसल्या.

“मग आधीच का नाही आलीस?” बाबा म्हणाले.

“तुम्ही बोलावलंत कुठे?”

बाबांनी टॉर्च बंद केला. चहा गार झाला होता, तो आम्ही तसाच प्यायलो.

सोमवारच्या वर्गात आई एकदाही थांबली नाही. बाबा बाहेर उन्हात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. तासभरात पान काही उलटलं नाही. वर्ग संपल्यावर आत जाऊन त्यांनी सांगितलं की शेवटी बोललेला मुलगा ‘सकाळ’ला ‘सकाल’ म्हणतो आणि मराठी आकडे तर कुणालाच येत नाहीत.

“मग तुम्ही शिकवा,” आई म्हणाली.

त्यांनी दोन आठवडे टाळलं. आता दर शनिवारी आकडे आणि पाढे बाबा घेतात, इस्त्रीचा शर्ट घालून. आई कॅमेऱ्याबाहेर बसून गाल फुगवून हसू दाबते. मुलं अजून एकोणसाठला अडतात, आणि बाबा न चिडता पुन्हा पन्नासपासून सुरू करतात.