क्वालिफायरचा दिवस

माझे काका इंग्रजी शिकवायचे. बाबांचे थोरले भाऊ. काकू लवकर गेल्या, मूलबाळ नाही, म्हणून बनारसच्या मंगला गौरी देवळाजवळच्या आमच्या घरात खालच्या खोलीत राहायचे. कॉलेजातून रिटायर झाले तरी शिकवायची खोड गेली नव्हती आणि तावडीत सापडलेली मी एकटीच. माझ्या निबंधात ‘व्हेरी’ दिसला की पेन्सिल सपकन फिरलीच. “खूप सुंदर गंगा! अगं कार्टे, नुसती सुंदर म्हटलीस तर काय आटणार आहे का ती?”

असल्या शब्दांना इंग्रजीत क्वालिफायर म्हणतात, हे त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या शब्दाचा जोर थोडा वाढवणारा, थोडा कमी करणारा, त्याला हद्द घालून देणारा. ‘बहुतेक येईन’ मधला बहुतेक. ‘तसा बरा आहे’ मधला तसा. आईचं सगळं बोलणंच मुळी त्यावर चालायचं. काका मला म्हणायचे, “तुझ्या आईचं ‘तसं’ काढून घेतलं ना, तर बिचारी मुकी होईल.” आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “तसं काही नाही हं.”

मग मी विद्यापीठात गेले, बॅडमिंटन खेळायला लागले. पहिल्या वर्षाच्या मुलींना स्पर्धेत थेट घेत नसत. आधीच्या फेरीत जिंका, मग या. बोर्डावर आमच्या नावांच्या वर तोच शब्द होता. घरी येऊन विचारलं तर काका खूश. “हो, तोही क्वालिफायरच. ज्याची जागा कोणी धरून ठेवलेली नाही, ती त्यानं खेळून मिळवायची. बाकीच्या क्वालिफायरांना मी हाकलतो, पण हा आपल्या घरात आला पाहिजे.” ते घरात भेटेल त्याला हेच सांगत सुटले.

सामन्यांच्या आधी काकांना ताप आला. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे. सामन्यांच्या दिवशी सकाळी मी पाया पडायला गेले तर म्हणाले, “जा, जा. वाकून काय बसलीस!”

सामने दिवसभर चालले. मी शेवटचाही जिंकले. संध्याकाळी रिक्षा चौकात सोडून गल्लीत शिरले. कोपऱ्यावरचा पानवाला एरवी लांबूनच ओरडायचा, “का हो बिटिया, जीतीं?” त्या दिवशी तो मान खाली घालून पानं पुसत बसला. समोरच्या काकूंनी मला पाहिलं आणि दार ओढून घेतलं. मला वाटलं, आज सगळ्यांचं बिनसलंय कशावरून तरी. मी दारातूनच ओरडले, “काका, क्वालिफाय झाले!”

खालची खोली धुतलेली होती. गादी नव्हती. आईचे केस ओले. बाबा ओल्या पंच्यानं भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, “दादा गेला. सगळं आटोपलं.”

मणिकर्णिकेचं स्मशान आमच्यापासून चालत जाण्याइतकं. काशीत गेलेलं माणूस कोणी घरात ठेवून घेत नाही.

बाबांचं शास्त्र पक्कं होतं. मृत्यूची बातमी कानावर पडत नाही तोवर सुतक लागत नाही. म्हणजे मला कळलं नाही तर मी खेळायला मोकळी. त्यांनी तिरडी बांधता बांधता साऱ्या गल्लीला बजावलं होतं, पोरीच्या कानावर कोणी घालायचं नाही. आणि बनारसची गल्ली, जिच्या तोंडात एरवी तीळ भिजत नाही, ती माझ्यासाठी गप्प बसली!

“दादाची फार इच्छा होती,” बाबा म्हणाले. मुख्य स्पर्धा त्याच आठवड्यात होती. दहा दिवसांच्या सुतकात. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. मला काहीच वाटलं नाही. राग यायला हवा, रडू यायला हवं, हे कळत होतं. रॅकेट कुठे ठेवायची तेवढंच मला सुचेना.

घरात चूल पेटवायची नव्हती. समोरच्या काकूंनी पिठलंभात आणून दिला. बाबांनी ताट बाजूला सारलं. मला भूक होती, मी जेवले. आई वाढत होती.

“तू गेलीस आणि तासाभरात काकांचं जास्त झालं,” ती म्हणाली. “तुला बोलवा म्हणाले. मी निघालेच होते, रिक्षानं असं कितीसं लांब आहे विद्यापीठ. तर तुझे बाबा म्हणाले, नको, तिचा खेळ बुडेल. काकांना सांगितलं, येतेय ती.”

“मग?”

“मग म्हणाले, ‘बरं. थांबतो मग.’”

मी भात कालवत राहिले. “किती थांबले?”

“दुपारपर्यंत. कूस दाराकडे करून घेतली होती.”

बाबा उठून ओसरीवर गेले. मी ताटातला भात संपवला.