निघतील असे बूट

गुडघ्यापर्यंतचे नवेकोरे गमबूट घालून मी बोटीत पाय टाकला. बोट पुढं गेली, मी मागं राहिलो. म्हणजे तलावात. बसून. काठावर आमचे साहेब होते, मोबाईलवर शूटिंग करणारे होते, आणि पुरात काय काळजी घ्यावी हे माझ्याकडून शिकायला आलेले गावकरी होते.

पाणी छातीएवढंच होतं. सगळ्यांनी हसून घेतलं. मीही हसलो, दुसरं काय करणार? पण काठावर चढायला गेलो तर पाय उचलेनात. दोन्ही बूट तोंडापर्यंत भरलेले. हातानं ओढले, निघेनात. शेवटी दोघांनी मला काखेत धरून वर घेतलं आणि तिसऱ्यानं एकेक बूट उपसला.

हसला नाही तो एकटा विठ्ठल.

मी तालुक्याच्या गावी अग्निशमनला नोकरीला आहे. आग विझवणारा माणूस. पण पावसाळ्यात रेस्क्यू बोटही आमच्याच गळ्यात असते. धाराशिव जिल्ह्यात बोट म्हटलं की लोक आधी आभाळाकडं बघतात, मग माझ्याकडं. उन्हाळ्यात ज्या वस्तीवर टँकर नेतो, तिथंच आता बोट न्यायची पाळी येते. विठ्ठल आमच्या पथकातला सगळ्यात चांगला पोहणारा. आदल्या पावसाळ्यात त्याचा थोरला भाऊ दत्तू, पाणी चढतंय म्हणून नदीवरची मोटर काढायला उतरला आणि वाहून गेला. शोधायला गेलेल्या बोटीत मी होतो, विठ्ठलही होता. घरी थांब म्हटलं तर ऐकलं नाही. दत्तू सापडला तेव्हा गमबूट पायातच होते, पाण्यानं आणि गाळानं गच्च.

तलावावरून परत येताना विठ्ठल गाडीत एवढंच बोलला.

"दादा, दत्तूचे बूटबी असेच निघत न्हवते. म्याच ओढले की."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडं गेलो.

"साहेब, बोटीसाठी बूट बदलायचे."

"का? हे वॉटरप्रूफ नाहीत?"

"एकदम वॉटरप्रूफ. बाहेरचं पाणी आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही."

"मग अडचण काय?"

"माणूस आत असतो, साहेब."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी सोबत आणलेला तो गमबूट टेबलाजवळ ठेवला आणि म्हटलं, घालून बघा, आणि हात न लावता काढून दाखवा. साहेब गमत्या माणूस, त्यांनी घातला. शिपाई चहा घेऊन आला तेव्हा साहेब खुर्चीला धरून पाय झाडत होते. चहा थंड झाल्यावर त्यांनी मंजुरी दिली.

आता थोडं समजावून सांगतो. बुटात भरलेलं पाणी पाण्याखाली जड लागत नाही. पण बूट पाय मारू देत नाही, आणि बोटीवर चढायला पाय वर काढला की ते सगळं पाणी उचलावं लागतं. दमलेल्या माणसाला ते जमत नाही. म्हणून बोटीवरचा बूट आखूड हवा, हलका हवा. तळ सपाट हवा आणि त्याला बारीक चिरा हव्यात, म्हणजे ओल्या फायबरवर पकड बसते. लेस नको, पायाच्या बोटांवर लोखंडी टोपी नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बूट जरा सैल हवा. एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायानं रेटा दिला की सुटला पाहिजे.

असे बूट आमच्याकडं कोण ठेवणार? सोलापूरला गेलो. बायकोला तिकडं काम होतं, तीही आली.

"बोटीसाठी?" दुकानदार म्हणाला. "धाराशिवात बोट चालवता कुठं, रानात?"

"पावसाळ्यात, रानातच," मी म्हणालो.

त्यानं गोदामातून खोकी काढली. मी दुकानाच्या फरशीवर साबणाचं पाणी मागितलं आणि एकेक जोड घालून त्यावर चालून बघितलं. दोनदा आपटलो. गिऱ्हाइकं जमली. तिसऱ्या प्रकारचा जोड टिकला. पथकातल्या प्रत्येकासाठी नेहमीपेक्षा एक नंबर मोठा घेतला. माझ्या वेळी मोठा नंबर संपला होता, माझ्या नेहमीच्या मापाचाच उरला होता.

"आणखी एका दुकानात बघू," बायको म्हणाली.

"असू दे गं. मी मागं बसून इंजिन सांभाळणार. मला कुठं उड्या मारायच्यात?"

ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला बरं वाटतं, ही माझी जुनी चूक.

बूट आणले, वाटले, आणि खरी पंचाईत पुढंच होती. आमची सगळी पोरं काळ्या रानातली. काळ्या चिखलात सैल बूट घातला तर बूट चिखलात राहतो आणि माणूस अनवाणी बांधावर येतो. त्यामुळं बूट पायाला आवळून बसला पाहिजे, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. पहिल्याच तपासणीला बघतो, तर प्रत्येकानं घोट्यावर सायकलच्या ट्यूबचे पट्टे आवळलेले. एकानं तर पुढं चिंध्या कोंबल्या होत्या. मी चाकू काढला आणि सगळ्यांचे पट्टे कापत गेलो. शेवटी विठ्ठल.

"तू पण? तूसुद्धा?"

"सवय हाय, दादा. सैल असलं की पायात काय न्हाईच असं वाटतं."

"तसंच वाटलं पाहिजे," मी म्हणालो आणि त्याचेही कापले.

सप्टेंबरात पाणी आलं. नदीकाठच्या एका वस्तीवर पत्र्याच्या शेडवर म्हातारा-म्हातारी अडकले होते. खाली ऊस होता, पण दिसत नव्हता. नुसते शेंडे हलत होते. विठ्ठल पुढं बांबू घेऊन उभा. शेडच्या अलीकडं इंजिनला काहीतरी लागलं, बोट गपकन थांबली, आणि विठ्ठल पाण्यात गेला. खाली कुंपणाची काटेरी तार होती. तिच्यात त्याचा पाय अडकला. लाईफ जॅकेट त्याला वर ओढत होतं, तार खाली धरत होती, आणि वरून पाणी त्याच्या डोक्यावरनं चाललं होतं. नारंगी जॅकेट दिसत होतं. तोंड दिसत नव्हतं.

मी ओरडत होतो, "बूट सोड! विठ्ठल, बूट सोड!" त्याला काय ऐकू जाणार?

मग जॅकेट एकदम सुटल्यासारखं पुढं गेलं आणि विठ्ठलचं डोकं वर आलं. एका बाभळीला त्यानं मिठी मारली. आम्ही त्याला बोटीत घेतलं तेव्हा एका पायात बूट होता, एक पाय उघडा, रक्तानं आणि काट्यांनी भरलेला. तो त्या उघड्या पायाकडं बघत रडत होता. दत्तूचं नाव घेत होता.

तेवढ्यात शेड एका बाजूनं खचलं. म्हातारी आमच्या हाताला लागली. म्हातारबा नाही लागले. पाणी उतरल्यावर उसात सापडले.

त्याच कुंपणाच्या तारेत विठ्ठलचा बूटही होता, तोंड वर करून उभा. त्यानं तो काढला नाही. मीही काढ म्हटलं नाही. ऑफिसात हरवला म्हणून लिहिलं.

या सगळ्यातून मी शिकलो ते एवढंच: पुराच्या पाण्यासाठी बूट घेताना तो पायात कसा बसतो हे दुकानदार सांगेल. निघतो कसा हे आपणच बघायचं. आणि चांगला बूट घेतला म्हणून सगळेच वाचतात असंही नाही.

म्हातारबांना काढलं त्या दिवशी घरी आलो. उंबऱ्यावर बसलो आणि बूट काढायला लागलो. पाय सुजले होते. टाचेला रेटा दिला, हातानं ओढले, निघेनात. बायको बघत उभी होती. आत गेली, मोठी कात्री घेऊन आली, खाली बसली आणि एक बूट वरपासून तळापर्यंत उभा चिरला. आतलं गढूळ पाणी उंबऱ्यावर सांडलं.

"अगं, सरकारी बूट आहेत ते!"

तिनं दुसऱ्या बुटाला कात्री लावली.

"बूट सरकारचे असतील," ती म्हणाली. "पाय माझ्या घरातले आहेत."