रात्रपाळीच्या आठवड्यातलं पिल्लू

ते पिल्लू आमच्या घरी आलं, कारण मला नाही म्हणता आलं नाही. मी दुर्गच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो आणि पोलाद कारखान्याच्या अफसरांच्या बंगल्यांपैकी एका बंगल्यात साहेबांच्या मुलाला गणित शिकवायला जात होतो. साहेबांची बदली झाली. सामान बांधून झाल्यावर मेमसाहेबांनी तीन महिन्यांचं अल्सेशियन पिल्लू माझ्या हातात दिलं. जातिवंत आहे, मोकळं सोडू नकोस, कुणीतरी उचलून नेईल, एवढंच त्यांनी सांगितलं. मी मान हलवली. आणखी काही विचारायला हवं होतं, पण मोठ्या घरात प्रश्न विचारायची मला सवय नव्हती.

पिल्लू सायकलच्या कॅरिअरवर बसेना. कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरपर्यंत मी सायकल एका हाताने ढकलत आणि ते खांद्यावर घेऊन आलो. त्याचे पंजे पाहून आई दारातच थांबली.

"एवढाले पाय? कुत्र्याचं हाय का वासराचं?"

मग तिने ते वासरासारखंच सांभाळायला घेतलं. गावाहून आणलेलं एक दावं घरात होतं. फाटकाजवळ खुंटी ठोकली आणि पिल्लू बांधलं. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात कुत्री पुष्कळ होती, पण कुणी ती बांधत नसे. ती दारात येत, भाकरीचा तुकडा खात आणि गावभर हिंडत. बांधायचे ते बैल, गाय, वासरू. ज्याची किंमत आहे ते बांधायचं. हे पिल्लू किमतीचं होतं म्हणून बांधलं. यात काही चुकतंय असं घरात कुणालाही वाटलं नाही, मलाही नाही.

बाबा मेल्टिंग शॉपमध्ये क्रेन चालवत. वितळलेल्या पोलादाने भरलेलं मोठं भांडं त्यांच्या क्रेनला लटकलेलं असे. आठ वर्षांपूर्वीपर्यंत हा माणूस धान रोवत होता. पिल्लू आलं त्याच आठवड्यात त्यांची रात्रपाळी लागली. सकाळी सात वाजता घरी येऊन, आंघोळ करून, भात खाऊन ते आठला झोपत आणि तीनला उठत.

पिल्लाकडे पाहून ते म्हणाले, "राहू दे. पन माही झोप मोडली तं याले ठेवता येनार नाई."  मग त्यांनी हळूच सांगितलं, "खाली मानसं उभी रायतात, बाबू."

आमच्या ओळीत एक रीत होती. ज्या घरचा माणूस रात्रपाळीवरून येऊन झोपला असेल त्या घराच्या फाटकावर त्याचा खांद्यावरचा दुपट्टा अडकवत. दुपट्टा दिसला की भाजीवाली हाक मारत नसे, मुलं गोट्या घेऊन पुढे जात, बांगड्यावालाही पेटी छातीशी धरून चालत असे. कुणी हा नियम केला होता असं नाही, पण ओळीतलं प्रत्येक घर तो पाळत होतं.

पहिल्या दिवशी पिल्लाने दुपट्टा खाली ओढून त्याच्या चिंध्या केल्या. नऊ वाजता भाजीवाली फाटकासमोर येऊन मोठ्याने ओरडली आणि बाबा उठून बसले.

दुसऱ्या दिवशी मी बाबांचा दुसरा दुपट्टा उंच, दिव्याच्या खांबाला बांधला. आता रस्त्याने लोक चोरपावलांनी जाऊ लागले, आणि चोरपावलांनी जाणारा प्रत्येक माणूस पिल्लाला चोरच वाटू लागला. ते दावं ताणून भुंकत राहिलं. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "आमी तं श्वाससुद्धा घेऊन नाई राहिलो, आन तुमचा साहेब आमालेच चोर समजून राहिला." आई हसली. मला हसू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्याला मागच्या अंगणात नेलं. तिथे त्याने तुळशीचं आळं उकरलं, मोरीतला लाकडी पाट खाल्ला आणि मग ते रडायला लागलं. भुंकणं परवडलं असतं. ते रडणं भिंतीतून आरपार जात होतं. मी त्याला दूध दिलं, दटावलं, मांडीवर घेतलं, शेवटी जवळच पुस्तक उघडून बसलो. त्याने पुस्तकाचा कोपरा चावला. त्या दिवशी मी त्याला चापट मारली. ते गप्प झालं नाही आणि मला दिवसभर वाईट वाटत राहिलं. कॉलेज बुडालं ते वेगळंच.

चौथ्या सकाळी बाबा घरी आले आणि बूट न काढताच पायरीवर बसले.

"आज मी अर्ध्या पाळीतून खाली उतरलो," ते म्हणाले.

आईने विचारलं, "खाली म्हंजे? कावून?"

"डोळे मिटून राहिले होते. फोरमनले म्हनलं, दुसरा मानूस चढव."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त पायरीकडे पाहत होते. क्रेनवरून कधी उतरावं लागलं नाही, हे ते गावाकडच्या पाहुण्यांना दर वेळी सांगत. पिल्लाबद्दल त्यांनी शब्दही काढला नाही. आत गेले, आणि अंगणात रडणं सुरू झालं.

मी दावं सोडलं आणि पिल्लाला घेऊन निघालो. आम्हाला दूध घालणारा राऊत वसाहतीबाहेरच्या जुनवानी गावात राहत होता. त्याच्याकडे गाई होत्या, मोकळी जागा होती. सायकल घेतली नाही, कारण पिल्लू सायकलला घाबरत होतं. क्वार्टरं संपली, मग बांधकामाची खडी आणि विटांचे ढीग लागले, मग शेतांचे बांध. पिल्लू पुढे, मी मागे, दावं ताठ. मी मनात बोलायची वाक्यं जुळवत होतो, राऊतासाठी आणि नंतर बाबांसाठीही. रस्त्यात ते एका डबक्यात लोळलं, बगळ्यांच्या मागे धावलं, मला दोनदा पाडलं. मला त्याचा इतका राग आला होता की त्याला देऊन टाकताना काही वाटणार नाही, अशी माझी खात्री होती.

राऊताची बायको अंगण सारवत होती. "ओ तो दूध लेके दुरुग गे हे, संझा कन आही," ती म्हणाली. तो दुर्गला गेला होता आणि संध्याकाळी येणार होता. पिल्लू ठेवून घ्या, असं तिला सांगायला मी तोंड उघडलं. ती बाई ओल्या हातांनी उभी राहिली, मी काय म्हणतो ते ऐकायला. मला वाक्य पुरं करता आलं नाही. पाणी मागितलं, प्यायलो आणि परत फिरलो.

परतीच्या वाटेवर दावं सैल पडलं. घरी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. पिल्लू पाणी प्यायलं, उंबऱ्यावर आडवं झालं आणि मेल्यासारखं झोपलं. बांगड्यावाला गेला, शेजारची मुलं शाळेतून आली, त्याने कान हलवला नाही. मी आणि आई त्याच्याकडे पाहत बसलो.

"याले हिंडवाव लागते का रे?" आई हळूच म्हणाली. "कुत्र्याले हिंडवाले मानूस लागते?"

बंगल्यात पिल्लाला रोज सकाळी माळी दूरवर फिरवून आणायचा, हे मला तेव्हा आठवलं. मी ते कित्येकदा पाहिलं होतं. मला वाटायचं, माळ्यालाच कुठेतरी कामाला जायचं असेल.

बाबा साडेतीनला उठले. पिल्लू आल्यापासून ते इतका वेळ झोपले नव्हते. उंबऱ्यावरचं पिल्लू ओलांडून बाहेर आले आणि म्हणाले, "आज रडलं नाई."

"जुनवानीले नेलं होतं," मी म्हणालो. कशाला, ते सांगितलं नाही. त्यांनी माझ्या चिखलाने भरलेल्या पॅंटकडे पाहिलं. मला वाटतं त्यांना समजलं.

"कालेज किती वाजता रायते तुहं?"

"साडेदहाले."

"मंग साडेपाचले निघत जा. मी झोपाच्या आधी आनून टाकत जा."

सकाळचे हेच दोन-अडीच तास माझ्या अभ्यासाचे होते. घर शांत असायचं तेवढ्याच वेळात माझ्या डोक्यात काही शिरत असे, आणि परीक्षा दीड महिन्यावर आली होती. हे त्यांना सांगायचं मी ठरवलं. पण तोवर ते आत जाऊन चहा ठेवायला सांगत होते, आणि त्यांचा आवाज चार दिवसांत पहिल्यांदा नेहमीसारखा वाटत होता.

मी दाराशी पडलेलं दावं उचललं आणि सकाळी शोधावं लागू नये म्हणून माझ्या वहीवर ठेवलं.