खांबेट्यांचं पहिलं शस्त्र

राजीव खांबेटेला बंदूक घ्यायची होती, आणि ती कुणी सुखासुखी घेऊ देईल तर शपथ!

आता हा माणूस कोण, तर ओहायोतल्या डब्लिनमध्ये वीसेक वर्षं एका इन्शुरन्स कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळणारा. घरात पाल निघाली तर बायकोला, विनीताला हाक मारणारा. खांबेट्यांच्या अख्ख्या कुळात कुणी काठीसुद्धा उगारली नसेल. पण लेकीनं, अनन्यानं, दोन तासांवरच्या एका शेतकऱ्याच्या मुलाशी लग्न केलं आणि राजीवला डेल नावाचे व्याही मिळाले. उंच, अबोल माणूस. दर जानेवारीत आपल्याच रानात ते हरणाची शिकार करायचे, तीही जुन्या पद्धतीनं, ठासणीच्या बंदुकीनं. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी सारायची, आणि बार एकच. चुकला तर हरीण गेलं.

गेल्या ईस्टरला जेवणं झाल्यावर डेल राजीवला अंगणात घेऊन गेले. "राज, डोळ्यांसमोर मधोमध डाग आलाय. नेम धरता येत नाही. जमीनही पुढच्या वसंतात विकतोय. येत्या जानेवारीत माझ्या मचाणावर तू बस. मी शेजारी बसेन."

स्वतःचा मुलगा आत बसलेला असताना व्याह्यांनी आपल्याला विचारावं! राजीवला भरून आलं. लग्नानंतर चार वर्षं दोघं एकमेकांशी हवा-पाण्याचंच बोलत आले होते. या माणसाला त्याच्या रानातलं शेवटचं हरीण आपल्या हातून मिळालं पाहिजे, एवढं एकच राजीवच्या डोक्यात बसलं.

"बाबा, जस्ट बॉरो हिज!" अनन्या फोनवर म्हणाली.

"व्याह्यांची बंदूक उसनी मागू? अगं, काहीतरीच काय!"

झालं. इथून छळ सुरू झाला. विनीतानं आधीच बजावलं, "स्वस्तातली घे. एका दिवसाच्या हौसेसाठी किचनचं काम पुढे ढकलणार नाहीये मी." बरं, स्वस्तातली घ्यावी तर इंटरनेटवर एक जण म्हणे हिच्यासारखी बंदूक नाही, आणि खालीच दुसरा म्हणे हिची नळी महिन्यात गंजली. मधली घ्यावी तर तिला दुर्बीण नाही. दुर्बीण असलेली घ्यावी तर ती बसवायचा तुकडा वेगळा. दारू वेगळी, गोळ्या वेगळ्या, दारू पेटवणारं ते टिकलीएवढं प्रायमर वेगळं, साफ करायचा गज, तोही वेगळा. अरे, मग विकता काय लेको? नुसता दांडा?

दुकानात गेला तर काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "तुम्हाला नक्की काय करायचंय?" आता बंदुकीनं माणूस काय करतो, भाजी चिरतो? रेडमंडच्या शंतनूला, कॉलेजच्या मित्राला फोन केला, तर तो म्हणाला, "थँक्सगिव्हिंगच्या सेलपर्यंत थांब यार." या शंतनूनं जन्मात पिचकारीसुद्धा धरली नव्हती. राजीव थांबला, मग थांबलो म्हणून चिडला, मग जी परवडत होती ती एका दुकानात संपली म्हणून आणखी चिडला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये लोक क्लाउडबद्दल बोलत असायचे आणि हा टेबलाखाली नळ्यांची लांबी बघत असायचा. रात्री जेवताना तेच. शेवटी विनीता कावली. "हरीण म्हातारं होऊन मरेल रे! घेऊन टाक कुठलीही!"

सप्टेंबरअखेर त्यानं एक घेतली. साधी, काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची, दिसायला अगदीच गरीब. नेमबाजीच्या रेंजवर जाऊन चार बार काढले, तीन लागले. घरी आणून इतकी घासूनपुसून ठेवली की नळीत तोंड दिसावं.

आणि दसरा आला. इतकी वर्षं खांबेट्यांच्या घरी शस्त्रपूजेला लॅपटॉप, पाने-पकडी आणि गाडीची किल्ली मांडली जायची. यंदा घरात खरंखुरं शस्त्र! राजीवनं हौसेनं पाट मांडला, बंदूक भिंतीला टेकवून नळी वर करून उभी केली, हळद-कुंकू वाहिलं आणि ओंजळ भरून अक्षता वरून सोडल्या. विनीतानं फोटो काढला. फोटो मराठी मंडळाच्या ग्रुपवर गेला, तिथे चाळीस अंगठे आले, आणि बंदूक कव्हरात घालून कपाटात गेली.

जानेवारीत, उजाडायच्या आत, डेलच्या पिकअपपाशी बर्फात दोघं उभे राहिले.

"नळी साफ आहे ना?" डेलनी विचारलं.

"एकदम!" राजीव म्हणाला. मग त्याला वाटलं, व्याह्यांचा मान ठेवावा. "डेल, दारू तुम्ही भरा. तुमच्या हातानं."

हातमोजे काढून, चाचपत, माप बोटांनी तपासत त्यांनी दारू ओतली, गोळी सारली. राजीवनं टॉर्च धरला होता, पण ते टॉर्चकडे बघत नव्हते.

मचाणावर थंडीनं बोटं बधिर झाली. सूर्य झाडांवर आला आणि हरीण आलं. मोठं, शिंगाळं, समोरच्या मोकळ्या जागेत आडवं उभं. राजीवनं श्वास रोखला, नेम धरला, घोडा ओढला.

टप्प.

नुसतं प्रायमर फुटलं. बार उडालाच नाही. राजीव नळी समोर धरून दगडासारखा बसून राहिला, न जाणो उशिरा उडेल म्हणून. हरणानं मान वळवून बघितलं आणि दोन उड्यांत ते झाडीत गेलं.

"माझ्या हातून झालं, राज," डेल म्हणाले. "बोटं ओली असतील. नाहीतर दारू पडलीच नसेल आत. डोळे गेले होते, आता हातही गेले." त्यांनी टोपी काढली, परत घातली. "विचारायलाच नको होतं मी तुला."

पिकअपच्या मागच्या फळीवर राजीवनं बंदूक उघडली. नळीच्या बुडाचा प्लग फिरवून काढला, गजानं दारू-गोळी बाहेर ढकलली. दारू कोरडी खडखडीत होती, मापात होती. आणि तिच्यामागून, प्लगच्या ज्या भोकातून ठिणगी जाते त्यावर घट्ट बसलेला, कुंकवानं लाल झालेला तांदळाचा गोळा तळहातावर पडला.

गाढवा! राजीवच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढे महिने जगाचं डोकं खाल्लं, आणि नळीत डोकावून बघायला नको? दोन हात अंतरावर डेल उभे होते. त्यांना काहीच दिसलं नव्हतं. मूठ झटकली असती तर तांदूळ बर्फात गेले असते आणि ही गोष्ट कुणालाही कळली नसती.

त्यानं डेलचा हात धरला आणि तांदूळ त्यांच्या तळव्यात ठेवले.

"दारू तुम्ही बरोबर भरली होतीत. हे मी घातलं. आमच्याकडे सणाला हत्यारांची पूजा करतात. वरून टाकले, आत गेले."

डेलनी दाणे बोटांत चोळले. "तांदूळ?"

"तांदूळ."

"म्हणजे मी बरोबर भरली होती."

"एकदम बरोबर."

डेल म्हणाले, "साफ कर ती. अजून दिवस आहे."

या वेळी राजीवनं नळी तीनदा बघितली. दारू डेलनीच भरली, आणि राजीव तेव्हा मुद्दाम रस्त्याकडे बघत उभा राहिला. दोघं अंधारून येईपर्यंत मचाणावर बसले. हरीण सोडा, खारसुद्धा फिरकली नाही. विनीताचा मेसेज आला, "मिळालं का?" त्यानं फोन परत खिशात टाकला.

खाली उतरल्यावर बंदूक रिकामी करायची होती. राजीवनं मातीच्या बांधावर नेम धरला आणि घोडा ओढला. धडाम! धुराचा लोट उठला, सगळं रान दणाणलं, झाडांवरचा बर्फ खाली आला.

धुरातच डेलचा आवाज आला. "ऐकलंस?"

"ऐकलं," राजीव म्हणाला. त्याच्या कानांना दडे बसले होते.